खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर : तपासणीपासून औषध पूर्ण होईपर्यंत काय काय करायचं

खोकला लांबला की आपल्याकडे एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी आलं-तुळशीचा काढा, मग मेडिकलमधून सिरपची बाटली, मग कोपऱ्यावरचे डॉक्टर आणि तीन दिवसांच्या गोळ्या. जरा बरं वाटतं, पुन्हा खोकला येतो, मग दुसरे डॉक्टर आणि आणखी भारी गोळ्या. आमच्या आईचा खोकला असाच पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चालला. अंगात बारीक ताप होता, ब्लाउज सैल होत चालले होते, पण तिची थुंकी तपासायला कुणीच लिहून दिलं नव्हतं. शेवटी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ती तपासणी झाली आणि टीबी निघाला. सहा महिन्यांचं औषध पूर्ण करून ती आज ठणठणीत आहे.

त्यानंतर ओळखीपाळखीतले बरेच जण विचारायला येऊ लागले. सगळ्यांना जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध घ्यायचं हे मी सांगणार नाही. कुठे जायचं, काय मागायचं, काय विचारायचं एवढंच सांगेन. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: आजाराचं नाव कळल्याशिवाय गोळ्या बदलत राहू नका.

१. आधी बघा, थांबायला वेळ आहे का

पुढच्या पायऱ्या सवडीने करायच्या आहेत. पण खालचं काही दिसलं तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

- नुसतं बसल्याजागी धाप लागते, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही.
- मिनिटाला श्वास ३० किंवा त्याहून जास्त. मोठ्या माणसाचा शांत बसलेला श्वास साधारण १२ ते २० असतो. पोटाकडे किंवा छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा, आणि मोजतोय हे रुग्णाला सांगू नका, नाहीतर त्याचा श्वास बदलतो.
- ओठ किंवा नखं निळसर दिसतात.
- ऑक्सिमीटरवर आकडा ९२ च्या खाली. ९४ च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. कोविडच्या काळात घेतलेलं यंत्र बऱ्याच घरांत पडून आहे. आधी सेल बदला, बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात गार असेल तर चोळून गरम करा. ज्यांना जुना दम्यासारखा सीओपीडीचा आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून आपली मर्यादा विचारून ठेवावी.
- खोकल्यातून रक्त. नुसती रेघ दिसली तरी त्याच दिवशी दाखवा. जास्त पडलं तर थेट इस्पितळ.
- म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, सारखं झोपून राहायला लागलं. वयस्कर लोकांत न्यूमोनियाला ताप येईलच असं नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं.

लहान मुलांचे आकडे वेगळे आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर घरगुती उपाय बंद करून लगेच दाखवा.

२. एक वही करा

साधी शंभर पानी वही पुरते. पहिल्या पानावर खोकला कधी सुरू झाला ती तारीख. आठवत नसेल तर सणावरून काढा: गणपतीत होता का, नवरात्रात होता का. मग रोज एक ओळ: संध्याकाळचा ताप, बेडका पडला का आणि कुठल्या रंगाचा, रात्री घाम आला का, भूक कशी आहे. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन.

दुसऱ्या पानावर आत्तापर्यंत घेतलेली सगळी औषधं, किती दिवस घेतली त्यासकट. नावं वाचता येत नसतील तर रिकामी पाकिटं वहीला टाचा. नवा डॉक्टर तुम्हाला मोजकीच मिनिटं देणार. तेवढ्या वेळात "खूप दिवस झाले, खूप औषधं घेतली" यातून त्यांना काहीच कळत नाही. तारखा आणि पाकिटं समोर ठेवली की ते नेमकं विचारायला लागतात.

वहीत आणखी काही गोष्टी लिहा, कारण घाईत त्या कुणी विचारत नाही. घरात चूल पेटते का? तंबाखू, बिडी, मिश्री? काम कुठलं: दगडखाण, क्रशर, जिनिंग मिल, सिमेंट? गॅलरीत कबुतरं बसतात का? कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना सूज येते. मुंबई-पुण्याच्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे आवर्जून सांगावं. बीपीची गोळी चालू आहे का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कोरडा, चिवट खोकला येतो. मात्र म्हणून ती गोळी आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टर बदलून देतात. आणि घरात, शेजारी किंवा कामावर कुणाला टीबी झाला होता का.

३. किती दिवस खोकला चालतो, हे माहीत असू द्या

साध्या सर्दी-फ्लूनंतरचा खोकला तीन आठवडे, कधी आठ आठवडेही रेंगाळतो. पण तो हळूहळू उतरत जातो, ताप राहत नाही, वजन घटत नाही.

न्यूमोनिया झाला असेल तर योग्य औषधाने दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. तसं झालं नाही तर त्याच डॉक्टरांकडे परत जा, वाट बघत बसू नका. ताप गेल्यावर मात्र धीर धरावा लागतो. छातीचं दुखणं आणि कफ कमी व्हायला महिनाभर, खोकला आणि धाप बरीच कमी व्हायला दीड महिना, आणि थकवा जायला तीन महिने किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. न्यूमोनियातून उठलेल्या माणसाला पंधरा दिवसांत "अजून काय झोपून आहेस" असं म्हणू नका.

आपल्या देशात मात्र एक रेघ पक्की लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, किंवा दोन आठवड्यांहून जास्त ताप, किंवा वजन घटणं, किंवा थुंकीत रक्त, यातलं एकही असेल तर टीबीची तपासणी व्हायलाच हवी. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचाच हा नियम आहे. बरोबर मधुमेह असेल तर आणखी लवकर.

४. कुठे जायचं

गावात असाल तर आशाताईंना सांगा. त्या नमुन्याची डबी आणून देतात, उपकेंद्राशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी गाठ घालून देतात. एक्स-रेसाठी साधारण ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडी फी असू शकते. टीबीची तपासणी आणि औषध मात्र सगळ्याच सरकारी ठिकाणी फुकट.

शहरात महापालिकेचा दवाखाना हे पहिलं दार. छातीच्या आजारांसाठीच असलेली सरकारी रुग्णालयंही आहेत: मुंबईत शिवडीचं टीबी रुग्णालय, पुण्यात औंधचं उरो रुग्णालय. साध्या खोकल्यासाठी थेट तिथे जाऊन रांगेत उभं राहायची गरज नाही. जवळच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन जा.

खाजगीत जायचं असेल तर दोन आठवड्यांनंतर छातीरोगतज्ज्ञ गाठा.

५. पिशवीत काय न्यायचं

- वर सांगितलेली वही आणि औषधांची पाकिटं
- जुने केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट
- एक्स-रेची फिल्म. नुसता कागदी रिपोर्ट नको, फिल्मच. हल्ली सीडी किंवा मोबाइलवर फोटो देतात, तोही चालतो, पण आपल्याकडे ठेवा
- आधार कार्ड, रेशन कार्ड
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- चालू असलेला मोबाइल नंबर
- मास्क आणि पाण्याची बाटली

रुग्णाबरोबर एक ऐकणारं माणूस असलं पाहिजे. खोकून दमलेल्या माणसाला सूचना लक्षात राहत नाहीत.

६. थुंकीचा नमुना : इथेच बहुतेकांचं बिनसतं

सगळ्या लेखातली ही पायरी मी सावकाश वाचायला सांगेन. डबीत बेडक्याऐवजी लाळ गेली की रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

सकाळी उठल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरा. पेस्ट किंवा मिश्री लावू नका. उघड्यावर जा, अंगणात किंवा गच्चीवर, आणि इतरांपासून लांब उभे राहा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, शेवटचा श्वास क्षणभर रोखा आणि पोटातून जोर लावून खोका. वर आलेला घट्ट, चिकट बेडका डबीत टाका. पातळ, फेसाळ, पाण्यासारखं आलं तर ती लाळ. परत प्रयत्न करा. चमचाभर, म्हणजे दोन ते पाच मिलि भरलं की पुरे. झाकण घट्ट लावा, डबीवर नाव घाला, हात धुवा आणि त्याच सकाळी पोहोचवा. सहसा दोन नमुने मागतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळचा. सकाळचा जास्त भरवशाचा.

बेडका पडतच नसेल तर तसं सांगा. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो सुटा करता येतो. लहान मुलं बेडका गिळतात, त्यांच्या पोटातून नमुना काढतात.

आता तपासणी कुठली मागायची. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची जुनी पद्धत आहेच, पण तुम्ही सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होईल का ते विचारा. या तपासणीत जंतूचा जनुकीय अंश शोधतात. यंत्रात नमुना गेल्यावर साधारण दोन तासांत उत्तर येतं, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही कळतं. ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालणारं, म्हणून छोट्या केंद्रांतही ठेवता येतं.

एका गोष्टीला ठाम नकार द्या. रक्तातून "टीबी आयजीजी, आयजीएम" तपासणी कुणी लिहून दिली तर करू नका. चुकीची उत्तरं देते म्हणून भारत सरकारने २०१२ सालीच तिच्यावर बंदी घातली आहे. हातावर टोचून बघायची मॅन्टूची तपासणी वेगळी, ती बंद नाही. पण ती जंतू कधीतरी शरीरात आला होता एवढंच सांगते, आत्ता आजार आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही.

७. एक्स-रे

छातीचा एक्स-रे आणि थुंकी, दोन्ही हवेत. एक्स-रेवर डाग दिसला म्हणजे टीबीच असं नसतं, न्यूमोनियाचा डागही तसाच दिसू शकतो. थुंकी निगेटिव्ह पण एक्स-रे संशयास्पद असेल तर विषय संपत नाही. पुढे सीटी स्कॅन, दुर्बिणीने फुप्फुसातून नमुना, छातीत पाणी असेल तर त्या पाण्याची तपासणी लागते. गरोदर असाल तर आधी सांगा, पोटावर शिशाचं आवरण देऊन एक्स-रे काढतात.

न्यूमोनिया बरा झाल्यावर, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, सहा आठवड्यांनी परत एक्स-रे काढून जुन्या फिल्मशेजारी ठेवून बघायला सांगा. डाग तसाच असेल तर त्यामागे गाठ दडलेली असू शकते. बरं वाटतंय म्हणून हा दुसरा एक्स-रे लोक टाळतात. टाळू नका.

८. अँटिबायोटिकचे सापळे

मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेलं अँटिबायोटिक घेऊ नका. पाकिटावर लाल उभी रेघ असते, ती याचसाठी आहे.

लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्यांचा टीबीच्या जंतूवरही थोडा परिणाम होतो. त्या घेतल्या की आठ-दहा दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाही, आणि खरा आजार आत वाढत राहतो. म्हणून लांबलेल्या खोकल्याला असं औषध लिहून दिलं तर नम्रपणे विचारा: "डॉक्टर, आधी थुंकी तपासून घेऊ का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

न्यूमोनियासाठी दिलेला कोर्स बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडू नका, आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. सलाईनचा हट्ट धरू नका. पाणी पिता येतं त्याला सलाईनने छातीचा संसर्ग बरा होत नाही. "ताकदीचं" किंवा "लगेच आराम पडेल असं" इंजेक्शन स्टेरॉइड असू शकतं. त्याने खोकला दबतो, भूक लागते आणि टीबी असेल तर तो पसरतो. काय टोचताय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

९. टीबी निघाला तर

घाबरू नका आणि लपवू नका. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सगळी एकाच गोळीत मिळून असतात, रोज किती गोळ्या घ्यायच्या ते वजनाप्रमाणे ठरतं. औषधाला दाद न देणारा टीबी असेल तर उपचार वेगळा, पण त्यासाठीही आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत, तेही मोफत.

पहिल्याच दिवशी हे करून घ्या:

- निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद आणि तुमचा निक्षय क्रमांक. टीबीच्या रुग्णाची नोंद करणं खाजगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. खाजगीत उपचार घेत असाल तरी क्रमांक मागा.
- बँक खात्याची माहिती. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये थेट खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, आधी बँकेत जाऊन तपासा.
- साखर आणि एचआयव्हीची तपासणी. दोन्ही कार्यक्रमाचा भाग आहेत, यात लाजण्यासारखं काही नाही. साखर आटोक्यात नसेल तर टीबी लवकर हटत नाही.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या कमी लागू पडतात.

औषध सुरू झालं की लघवी नारिंगी होते. ते रिफाम्पिसिनमुळे, ते रक्त नव्हे. आईने ती बघितली आणि गोळ्या बंद करायला निघाली होती, म्हणून हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. मळमळ, सांधे दुखणं यांवर उपाय असतात, केंद्रावर जाऊन सांगा. पण सतत उलट्या, डोळे पिवळे होणं, नजर अंधुक होणं किंवा लाल-हिरवा ओळखू न येणं, अंगभर पुरळ, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दारू या काळात अजिबात नको, यकृतावर आधीच ताण असतो.

महिना-दीड महिन्यात भूक परत येते, चेहरा भरतो, आणि नेमकं तेव्हाच औषध सुटतं. जंतू अजून असतात. मध्येच सोडलेलं औषध पुढच्या वेळी लागू पडेनासं होतं. बाहेरगावी कामाला जायचं असेल, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर, तर आधी केंद्रावर सांगा. निक्षय क्रमांकावरून तिकडच्या केंद्रात औषध मिळतं. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा मोफत नंबर आहे.

आता घरातल्यांबद्दल. टीबी हवेतून पसरतो. ताट-वाटी, कपडे, अंथरूण, अंगाला हात लावणं यांतून पसरत नाही. जंतू औषधाला दाद देत असेल तर नियमित औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. म्हणून माणसाची भांडी वेगळी करू नका, त्याला पडवीत टाकू नका, सुनेला माहेरी पाठवू नका. करायचं ते एवढंच: पहिले काही आठवडे रुग्णाने मास्क किंवा रुमाल वापरावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी. एका खोलीच्या घरातही दिवसा दार उघडं ठेवता येतं.

आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. ज्यांना आजार नाही त्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. एक प्रकार आठवड्यातून एकदा असा बारा आठवडे घ्यायचा असतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.

जेवणात अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध, मासे, जे परवडेल आणि रुचेल ते. महागड्या पावडरीच्या डब्यांची गरज नाही.

१०. टीबी निघाला नाही तर

चांगलंच. पण खोकला आहेच, तर कारण शोधणं सुरू ठेवा. दम्यासाठी आणि सीओपीडीसाठी फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री असते. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांना बिडी न ओढताही सीओपीडी होतो. रोज सकाळी वाटीभर कफ पडत असेल तर श्वासनलिका सैल होऊन पसरल्या आहेत का ते सीटी स्कॅनवर बघतात. रात्री आडवं झाल्यावर खोकला वाढत असेल तर पित्त वर येतंय का ते बघतात. इनहेलर लिहून दिला तर त्याची "सवय लागते" या भीतीने टाळू नका, आणि तो कसा ओढायचा ते डॉक्टरांसमोर करून दाखवा.

भरती व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय आहे का ते विचारा. वर्षाला कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं टेबल दाराजवळच असतं; भरती होतानाच रेशन कार्ड दाखवा, डिस्चार्जच्या वेळी नको. बाह्यरुग्ण विभागाचा खर्च यात येत नाही.

११. औषध संपल्यावर

शेवटच्या गोळीनंतर थुंकी तपासून घ्या आणि उपचार पूर्ण झाल्याची नोंद केसपेपरवर लिहून घ्या. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं असतं, कारण टीबी परतला तर बहुधा याच काळात परततो. साठीच्या पुढच्यांनी आणि मधुमेह, दमा असणाऱ्यांनी फ्लूच्या वार्षिक लशीबद्दल आणि न्यूमोकॉकलच्या (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धच्या) लशीबद्दल डॉक्टरांना विचारावं. वही मात्र फाडू नका. पुढे कधी छातीचा एक्स-रे काढला आणि जुना व्रण दिसला, तर तो कधीचा आणि त्यावर काय उपचार झाले हे त्याच वहीतून दाखवता येतं.